पोरीला माझ्याबरोबर नीट चालता का येत नाही?

भटकी_चिमणी
रोज संध्याकाळी लेकीला (वय साडेतीन) घेऊन फिरायला जाते. मी आपली नेहमीच्या चालीने चालते, फार झपाझप पण नाही, तरी ती दहा पावलं चालणार मग पळणार, मग थांबून काहीतरी उचलणार, परत पळत येऊन मला गाठणार. मला वाटायचं खोडकरपणा आहे. पण परवा नीट बघितलं तर तिला माझ्या वेगाने चालताच येत नाहीये, एकतर मागे पडते नाहीतर पळते, मधलं काही नाहीच.
आणि दुसरं, ट्रेडमिलवर माझं पण तसंच होतं. ताशी ७ किमीपर्यंत चालते, साडेसात केलं की पाय आपोआप पळायला लागतात, मी काही ठरवत नाही. हट्टाने चालतच राहिलं तर नडगीच्या पुढच्या बाजूला आग आग होते. हा साडेसातचा आकडा कुणी ठरवलाय? की माझंच काहीतरी चुकतंय?

टवाळ_टोळ
स्टॅमिना वाढवा. दोघींनी. (हलके घ्या)

लंबूटांग
चिमणीताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि त्यात स्टॅमिना कुठेच येत नाही, टोळभाऊंनी माफ करावं.
चालताना जो पाय जमिनीवर टेकलेला असतो तो जवळजवळ ताठ असतो आणि अख्खं शरीर त्या पायावरून कमानीसारखं पुढे जातं. घड्याळाचा लंबक उलटा करून ठेवला तर कसा दिसेल तसं, खुंटी खाली घोट्याशी आणि वजन वर कमरेशी. पाय बरोब्बर उभा झाला की कंबर सगळ्यात उंच आणि वेग सगळ्यात कमी, तिथून पुढे कलंडताना उंची जाते आणि वेग येतो, आणि पुढच्या पायावर परत वेग देऊन उंची घ्यायची. ही देवघेव चांगल्या चालीत ६०-६५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे स्नायूंना वरचा तोटाच भरून काढायचा असतो. म्हणून तर माणूस तासन्‌तास चालू शकतो. टॅड मॅकगियरने १९९० मध्ये दाखवलं होतं की मोटर नाही, बॅटरी नाही, नुसते सांधे असलेले दोन पाय हलक्या उतारावर सोडले तर आपले आपण चालत खाली येतात.
आता कमानीवरून जाणारी वस्तू कमानीला चिकटून राहायची तर तिला खाली ओढून ठेवणारं काहीतरी पाहिजे, आणि इथे गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं काहीच नाही. स्पीडब्रेकरवरून गाडी दामटली की बूड सीटवरून सुटतं ना, तेच. वेग वाढला की एका क्षणाला शरीर कमान सोडून वर उडणारच. हे कधी होणार ते वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्व त्वरण गुणिले पायाची लांबी) या आकड्यावर ठरतं, त्याला फ्राउड नंबर म्हणतात. विल्यम फ्राउड हा एकोणिसाव्या शतकातला जहाजांवर काम करणारा इंजिनिअर, त्याला बिचाऱ्याला जहाजामुळे उठणाऱ्या लाटांचं गणित करायचं होतं, आणि आता त्याचं नाव तुमच्या लेकीच्या पायांना लागलंय.
हिशोबाने हा आकडा १ झाला की चालणं अशक्य. पण माणसं त्याच्या बरीच आधी, ०.५ च्या आसपासच पळायला लागतात. तुमचा पाय कमरेच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत ८५ सेमी धरला तर ०.५ येतो ताशी ७.३ किमीला. लेकीचा ४५ सेमी धरला तर ताशी ५.३ किमीला. तुम्ही साडेपाचने चालत असाल तर तिच्या पायांसाठी तो पळण्याचा वेग आहे. खोडकरपणा वगैरे काही नाही, ती भौतिकशास्त्राप्रमाणे वागतेय.

भटकी_चिमणी
अरे देवा. म्हणजे मी तिला रोज "नीट चाल गं" म्हणून ओरडत होते ते... असो. आत्ता टेप घेऊन मोजलं, तिचा ४४ निघाला आणि माझा ८४!! तुम्ही कुठे लपून बघत नाही ना?

दवबिंदू
वाचतेय. माझा मुलगा तर हात धरून लोंबकळतोच, त्याचा फ्राउड नंबर किती धरायचा?

जुना_खेळाडू
लंबूटांग, गणित छान आहे पण माझी एक शंका आहे. मी कॉलेजात असताना रेसवॉकिंग करायचो. २० किमी चालण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम सव्वा तासाच्या जेमतेम मिनिटभर वर आहे, म्हणजे ताशी साडेपंधराच्या पुढे. तुमच्या हिशोबाने ९० सेमीचा पाय असला तरी १०.७ ला चालणं संपलं पाहिजे. मग हे लोक काय करतात? आणि मी स्वतः काही विश्वविक्रमवाला नव्हतो पण १२ ने आरामात जायचो.

लंबूटांग
हा प्रश्न येणार माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर यात तुमचा अनुभव माझ्या गणितापेक्षा मोठा आहे. रेसवॉकर कमान चपटी करतो. ती जी कंबर मटकते ना, ज्यावर लोक हसतात, ती शोभेला नाही. पाय उभा होतो त्याच वेळी दुसऱ्या बाजूची कंबर खाली टाकायची, त्यामुळे शरीर जेवढं वर जायला पाहिजे तेवढं जात नाही. कमान जितकी चपटी तितकं जास्त वेगातही जमिनीला धरून राहता येतं. आणि दुसरं तुम्हीच सांगा, स्लो मोशनमध्ये पाय खरंच टेकलेले असतात का?

जुना_खेळाडू
पकडलंत. नसतात. नियमात लिहिलंय की जमिनीशी संपर्क "डोळ्यांना दिसेल असा" सुटता कामा नये, आणि टेकलेला पाय उभा होईपर्यंत गुडघा सरळ पाहिजे. पंचांनी नुसत्या डोळ्यांनी बघायचं, कॅमेरा नाही. सेकंदाचे दोन-चार शतांश सगळेच हवेत असतात. आमचे कोच म्हणायचे उडा पण दिसू नका. आणि चिमणीताई, ती नडगीची आग आम्हाला सगळ्यांना पहिले सहा महिने असतेच.

खारुताई
ती आग होते तो स्नायू नडगीच्या पुढून उतरतो आणि पायाचा चवडा वर उचलून धरतो. पाय पुढे टाकताना बोटं जमिनीला अडकू नयेत आणि टाच टेकल्यावर चवडा फाटकन्‌ आपटू नये ही त्याची कामं. वेगात चालताना हे सगळं फार कमी वेळात करावं लागतं म्हणून तो आधी दमतो, आणि पळायला लागलं की त्याच्यावरचा ताण एकदम उतरतो. लोक ०.५ लाच का बदलतात, १ पर्यंत का थांबत नाहीत, त्याचं हे एक कारण मानतात. दुसरं म्हणजे त्या वेगाच्या पुढे चालायला पळण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते. या दोन्हीत मुख्य कोण यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, तर इथे काय होणार.
मी जनावरांची डॉक्टर आहे त्यामुळे माझं घोडं पुढे दामटते. घोडा आधी साधा चालतो, मग दुडकीवर येतो, मग चौखूर सुटतो. हॉइट आणि टेलर यांनी १९८१ मध्ये छोट्या घोड्यांना ट्रेडमिलवर चालवून त्यांचा ऑक्सिजन मोजला. घोड्यांना नको त्या वेगाला नको ती चाल धरायला पण शिकवलं होतं (हे शिकवणाऱ्याला माझा दंडवत), तर निघालं असं की प्रत्येक चालीचा एक स्वस्त वेग असतो आणि घोडा मोकळा सोडला तर बरोबर त्याच्या आसपासच राहतो, मधले महागडे वेग टाळतो. चिमणीताईंच्या लेकीला पण मधलं काही नाही ना, तसंच.
पण गोष्ट इथे संपत नाही. १९९१ मध्ये फार्ली आणि टेलर यांनी घोड्यांच्या पाठीवर वजन ठेवून बघितलं, तर दुडकीवरून चौखूर व्हायचा वेग कमी झाला, आणि बदल व्हायचा तो पायांवरचा जोर ठराविक हद्दीला पोचला की. म्हणजे घोडा इंधनापेक्षा हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) वाचवत असावा. माझा स्वतःचा कल याच बाजूला आहे, कारण दुखणारं जनावर काय काय करून पायावरचा भार टाळतं ते मी रोज बघते.

रेघोट्या
दुडकी आणि लहान मुलांचं दुडूदुडू धावणं! भाषेला आधीच कळलेलं दिसतंय.

भटकी_चिमणी
खारुताई मस्त. पण मग पळणं म्हणजे नक्की काय? लंबक संपला, पुढे काय सुरू होतं?

कायदेपंडित
सोपं आहे. एक तरी पाय जमिनीवर असेल तर चालणं, सगळे पाय हवेत असतील तर पळणं. शाळेत शिकलोय. उगाच लांबड कशाला.

लंबूटांग
कायदेपंडित, ती व्याख्या रेसवॉकिंगच्या पंचांसाठी ठीक आहे. पण चिमणीताईंनी विचारलंय काय सुरू होतं, तर स्प्रिंग सुरू होते. पळताना पाय ताठ नसतो, टेकला की गुडघा आणि घोटा दुमडतात, कंबर पायाच्या मधोमध आल्यावर सगळ्यात खाली असते. चालण्याच्या बरोबर उलटं! उंची आणि वेग दोन्ही एकदमच कमी होतात आणि एकदमच वाढतात, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला द्यायची सोयच नाही. मग ती ऊर्जा जाते कुठे, तर ताणलेल्या कंडरांमध्ये. टाचेच्या मागे तो जाड दोर हाताला लागतो तो अकिलीस कंडरा, आणि दुसरी तळव्याची कमान. १९८७ चं एक गाजलेलं काम आहे, अलेक्झांडर आणि मंडळींचं, ७० किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटरने पळतोय असं धरलं तर प्रत्येक पावलाला जी काही ऊर्जा खाली येते आणि परत लागते त्यातली साधारण ३५ टक्के अकिलीस साठवतो आणि १७ टक्के तळव्याची कमान. म्हणजे निम्मं काम रबरासारखं होऊन जातं.
जमिनीवरचा जोर पण बघा, चालताना तो वजनाच्या सव्वापटीच्या आत राहतो, पळताना अडीच पट सहज होतो.

टवाळ_टोळ
तरी पळून माझं वजन कमी होत नाही ते याच्यामुळेच! फुकटची स्प्रिंग!

खारुताई
टोळभाऊ, मग कांगारू होऊ नका. १९७३ मध्ये डॉसन आणि टेलर यांनी कांगारूला ट्रेडमिलवर उड्या मारायला लावून मोजलं, तर वेग वाढला तरी ऑक्सिजन वाढेचना. उडी लांब होत जाते, कंडरा जास्त ताणला जातो आणि जास्त परत देतो. उलट हळू हिंडताना हाच कांगारू अगदी गबाळा दिसतो, शेपूट जमिनीला टेकवून पाचवा पाय करतो. २०१४ मध्ये मोजलं तेव्हा असं दिसलं की पुढे ढकलायचं काम शेपटी एकटी, चारही पायांच्या मिळून बरोबरीने करते. आपण समजत होतो नुसता टेकू आहे.

कायदेपंडित
कांगारू बिंगारू ठीक आहे, पण माझी व्याख्या चुकीची कशी ते कोणी सांगितलं नाही. हत्तीचं बघा. हत्ती कितीही वेगात गेला तरी सगळे पाय कधीच हवेत नसतात. म्हणून हत्ती पळू शकत नाही. झालं सिद्ध.

खारुताई
नाही झालं. २००३ मध्ये हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी हत्तींच्या सांध्यांवर रंगाचे मोठे ठिपके काढून व्हिडिओ घेतले. काही हत्ती ताशी २५ किमीच्या घरात गेले. तुमची पहिली गोष्ट बरोबर, चारही पाय एकदम हवेत कधीच नाहीत. पण त्यांचा फ्राउड नंबर १ च्या कितीतरी वर गेला होता, म्हणजे ताठ पायाच्या लंबकाने ते शक्यच नाही, आणि मागच्या पायांची हालचाल बघितली तर ते पाय दबून परत उसळत होते, स्प्रिंगसारखे. तर याला चालणं म्हणणार का? मला विचाराल तर पाय किती वेळ टेकलाय हे बघण्यापेक्षा कंबर वर चाललीय की खाली हे बघावं.
पक्ष्यांचं पण असंच. शहामृग ताशी ७० पर्यंत जातो तेव्हा उडतोच, पण मधल्या वेगांना कित्येक पक्षी एक पाय कायम टेकवून उसळत पळतात. बादवे, शहामृगाचा "उलटा गुडघा" हा गुडघा नाहीच, तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलाय, आणि तो चवड्या-बोटांवर उभा आहे. मांजर-कुत्रा पण बोटांवर, घोडा तर एका बोटाच्या नखावर. खालचा पाय जितका हलका तितका तो मागेपुढे फेकायला सोपा, म्हणून मांस सगळं वर मांडीशी आणि खाली नुसते दोर.

कायदेपंडित
हम्म. तरी माझ्या मते हत्ती झपझप चालतो. असो, मतभेदाचा आदर.

रेघोट्या
मी अ‍ॅनिमेशन करतो, त्यामुळे हा धागा म्हणजे जखमेवर मीठ आहे. चार पायांच्या प्राण्याचं साधं चालणं काढायला भल्याभल्यांना जमत नाही. क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. नवशिक्या हमखास कोपऱ्याकोपऱ्याचे पाय एकत्र उचलतो, ती दुडकी झाली, चालणं नाही. आणि नवशिकेच कशाला, २००९ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांमधले पुतळे, पेंढा भरलेले प्राणी वगैरे तपासले तर जवळपास निम्म्यांचे पाय चुकलेले.
घोड्याचं तर विचारूच नका. शतकानुशतकं चित्रकार चौखूर घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले आणि अधांतरी. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने अमेरिकेत पालो अल्टोला धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे लावून सॅली गार्डनर घोडीचे फोटो काढले, आणि कळलं की घोडा हवेत असतो हे खरं, पण पाय ताणलेले असताना नाही, चारही पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्ता मात्र दोन्ही वेळा हवेत असतो, गोळा झाल्यावर पण आणि ताणल्यावर पण, कारण त्याची पाठच धनुष्यासारखी वाकते.

दवबिंदू
अवांतर: कबुतर चालताना मान का हलवतं मग? स्प्रिंग की लंबक?

खारुताई
दोन्ही नाही, डोळे :) मान पुढे टाकतं आणि मग डोकं हवेत एका जागी धरून ठेवतं, शरीर मागून येतं, म्हणजे चित्र स्थिर दिसतं. १९७८ मध्ये कबुतराला ट्रेडमिलवर चालवलं तेव्हा आजूबाजूचं दृश्य हलत नव्हतं तर मान हलवणं बंद झालं.

टवाळ_टोळ
या शास्त्रज्ञांनी ट्रेडमिलवर चढवलं नाही असा एक तरी प्राणी शिल्लक आहे का?

जुना_खेळाडू
माझा एक अनुभव टाकतो. पाठीवरच्या दुखापतीनंतर मला काही दिवस हात छातीशी बांधून चालायला लावलं होतं आणि मी अक्षरशः दमायचो, वाटायचं आजारपणाचा अशक्तपणा आहे. नंतर वाचलं की २००९ मध्ये हे मोजलंय, हात न हलवता चाललं तर १२ टक्के जास्त ऊर्जा लागते. आणि मुद्दाम डाव्या पायाबरोबर डावा हात असं चाललं तर २६ टक्के. हात हलवायला खर्च जवळजवळ नाहीच, पाय आपोआप त्यांना झुलवतात, आणि त्या बदल्यात ते शरीराचा पीळ मारतात. त्यामुळे मुलांना "हात खिशात घालून चालू नकोस" म्हणणारे मास्तर बरोबर होते, त्यामागचं कारण त्यांना माहीत नसलं तरी.
आणि अजून एक गैरसमज. लोकांना वाटतं वेगवान धावपटू पाय भराभर फिरवतो. २००० साली वेयांड आणि मंडळींनी बघितलं तर पाय मागून पुढे आणायचा वेळ कमाल वेगाला हळू आणि जलद धावणाऱ्यांचा जवळजवळ सारखाच. फरक जमिनीला किती जोराने मारतो यात. बोल्टने २००९ ला बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत काढले ते साधारण ४१ पावलांत, वरचा वेग ताशी ४४ च्या आसपास, आणि त्या वेगाला पाय जमिनीवर सेकंदाचा दहावा भाग सुद्धा नसतो. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर लावायचा. शिकवताना मी मुलांना पाय उचला म्हणायचं सोडलं आणि जमीन ढकला म्हणायला लागलो.

भटकी_चिमणी
धागा कुठल्या कुठे गेला पण मजा येतेय. एक अजून प्रश्न, लेक कधी कधी चालत पण नाही आणि पळत पण नाही, एकच पाय कायम पुढे ठेवून "घोडा घोडा" करत उडत येते. हे कशात बसतं?

लंबूटांग
चालणं नाही, पळणं नाही, ही तिसरीच चाल. त्यात थोडा लंबक आणि थोडी स्प्रिंग दोन्ही असतात. पृथ्वीवर ते पळण्यापेक्षा महाग पडतं म्हणून मोठी माणसं करत नाहीत. पण अपोलोच्या चांद्रवीरांचे व्हिडिओ बघा, ते असेच जातात. चंद्रावर गुरुत्वाकर्षण एकषष्ठांश, फ्राउडच्या सूत्रात टाका, तुमचा ७.३ चा आकडा तिथे ताशी ३ किमीवर येतो. म्हणजे रमतगमत चालायचं म्हटलं तरी पाय सुटणार. चालणं हे पृथ्वीच्या मापाचं शिवलेलं आहे, तिथे ते ढगळ होतं.

भटकी_चिमणी
काल फोनच्या स्लो मोशनमध्ये तिघांचं शूटिंग केलं, नवऱ्याला पण कामाला लावलं. लेक ताशी साडेपाचला स्वच्छ हवेत, दोन्ही पाय. नवरा जॉगिंग करताना हवेत.
आणि मी... मी जे इतकी वर्षं "रोज अर्धा तास हळूहळू पळते" म्हणून सांगते, त्यात माझा एक पाय कायम जमिनीवर आहे. तीनदा बघितलं. एक सुटायच्या आत दुसरा टेकलेला. पण कंबर मात्र मधोमध खाली जातेय, गुडघा दबतोय, म्हणजे लंबक नाही.

खारुताई
हत्तीण!! (प्रेमाने) पळताय तुम्ही, काळजी करू नका.

कायदेपंडित
झपझप चालताय.